‘गेट’पाशी अडलेली इंग्रजी

बँकेच्या व्यवस्थापकाला इंग्रजीतून अर्ज लिहायचा असेल, तर मराठी शाळेत शिकलेली माणसेही फारशी अडत नाहीत. ‘आय बेग टु स्टेट’पासून ‘युवर्स फेथफुली’पर्यंतचा मजकूर त्यांच्या हाताच्या वळणी पडलेला असतो. ‘ऑब्टेन’, ‘रिसीव्ह’, ‘पर्चेस’ हे शब्द शाळेत घोकलेले असतात आणि त्यांची स्पेलिंगेही चुकत नाहीत. पण तीच व्यक्ती दवाखान्याच्या खिडकीशी किंवा विमानतळावर उभी असते आणि समोरून कोणीतरी सहज विचारते, ‘डिड यू गेट इट डन?’ आणि क्षणभर सगळे थांबते. ‘डिड’ कळते, ‘यू’ कळते, ‘इट’ आणि ‘डन’ही कळतात. मधला ‘गेट’ मात्र कुठे बसवायचा ते सुचत नाही. शाळेत त्याचा अर्थ ‘मिळणे’ असा पाठ केलेला. ‘मिळाले का झाले’ असे काहीतरी विचित्र वाक्य डोक्यात तयार होते आणि तोंडून ‘येस, येस’ निघून जाते.

इंग्रजी येत नाही म्हणून खालमानेने वावरणाऱ्या कित्येकांची खरी अडचण ही अशी आहे. त्यांना मोठे शब्द येतात, लहान येत नाहीत. आणि बोलण्याचा सगळा व्यवहार लहान शब्दांवर चालतो. ‘ऑक्सफर्ड’च्या थोरल्या शब्दकोशाची १९८९ साली वीस खंडांची आवृत्ती निघाली, तेव्हा तिच्यातली सर्वांत लांब नोंद कुठल्या भारदस्त शब्दाची नव्हती, ‘सेट’ या इवल्याशा क्रियापदाची होती. ‘सेट’, ‘रन’, ‘टेक’, ‘पुट’ आणि ‘गेट’ ही सगळी त्याच जातीची मंडळी. दिसायला किरकोळ, पण घरातले एकही काम त्यांच्यावाचून होत नाही.

त्यातही ‘गेट’ची तऱ्हा वेगळी. देवनागरीत लिहिला, तर तो ‘दार’ आहे की क्रियापद हेच कळत नाही. इंग्रजीत दोन्हींचे स्पेलिंग निराळे आणि उच्चारही निराळा, पण मराठी कानाला आणि लिपीला दोघे सारखेच. मराठीने हे क्रियापद तुकड्यातुकड्यांनी घेतलेही आहे. जुन्या वर्गमित्रांचे ‘गेट टुगेदर’ होते, नाटकातल्या नटाचा ‘गेटअप’ छान जमतो, आणि जुन्या मराठी-हिंदी चित्रपटातले श्रीमंत वडील ‘गेट आऊट’ म्हटल्याशिवाय मुलाला घराबाहेर काढत नाहीत. एवढे सगळे घरात आलेले असूनही मूळ शब्दाशी ओळख होत नाही ती नाहीच.

खुद्द इंग्रजांच्या घरातही हा शब्द बाहेरूनच आलेला आहे. इसवी सन ७९३ मध्ये उत्तरेकडच्या दर्यावर्दी व्हायकिंगांनी इंग्लंडच्या किनाऱ्याजवळील लिंडिसफार्न बेटावरचा मठ लुटला. पुढच्या शतकात त्यांच्या टोळ्या लुटून परत जाईनाशा झाल्या. त्यांनी शेती केली, लग्ने केली, उत्तर आणि पूर्व इंग्लंडात संसार थाटले. ८६६ मध्ये त्यांनी यॉर्क घेतले. त्या शहरात आजही स्टोनगेट, कॉपरगेट असे रस्ते आहेत आणि तिथल्या ‘गेट’चा अर्थ दार नव्हे, तर रस्ता. तो त्या लोकांच्या ‘गाटा’ या शब्दापासून आला. आपले क्रियापद आले ते ‘गेटा’ या दुसऱ्या शब्दापासून. हाती धरणे, मिळवणे हा त्याचा अर्थ.

संसार थाटल्यावर भाषेत काय मिसळते ते पाहण्यासारखे आहे. ‘एग’, ‘नाइफ’, ‘विंडो’, ‘स्किन’, एवढेच नव्हे तर ‘हजबंड’सुद्धा त्या लोकांकडून इंग्रजीत आला. ‘टेक’ त्यांचाच आणि ‘दे’, ‘देम’ ही सर्वनामेही त्यांचीच. राजदरबाराचे आणि कायदेकानूंचे कितीतरी शब्द पुढे फ्रेंचांनी दिले, पण खिडकी, सुरी, अंडे आणि नवरा मात्र या उत्तरेच्या पाहुण्यांचा. ‘ऑब्टेन’ हा फ्रेंच-लॅटिन घराण्यातला, म्हणून तो अर्जात शोभतो. ‘गेट’ स्वयंपाकघरात वाढलेला.

या शब्दाचे इंग्रजीत जुने भाऊबंद मात्र होते, पण ते एकटे कधी फिरत नसत. ‘फरगेट’मध्ये तो जुना ‘गेट’ आहे. हातातली पकड सुटणे म्हणजे ‘फरगेट’, विसरणे. पकड सुटली की गोष्ट गेली. अंदाज करणे या अर्थाच्या ‘गेस’चेही नाते अभ्यासक याच कुळाशी जोडतात. आणखी मागे गेले, तर लॅटिनमधला ‘पकडणे’ या अर्थाचा शब्द त्याच मुळातला निघतो, आणि त्याच्यापासून आला ‘प्रिझन’. म्हणजे ‘गेट’ आणि तुरुंग लांबचे नातेवाईक!

शब्द घरात शिरल्यावर सगळ्यांच्या तोंडी बसायला किती काळ लागतो, याची एक नोंद इंग्लंडचा पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन याने १४९० साली छापलेल्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत करून ठेवली आहे. थेम्स नदीतून परदेशी निघालेले काही व्यापारी वारा पडल्यामुळे किनाऱ्याला थांबले. त्यांतला एक जण जवळच्या घरात गेला आणि त्याने घरधनिणीकडे अंडी मागितली. शब्द वापरला उत्तरेकडचा, ‘एग’च्या घराण्यातला. बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. व्यापारी संतापला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हती! शेवटी दुसऱ्या कोणीतरी दक्षिणेतला जुना शब्द, ‘आयरन’, उच्चारला तेव्हा बाईला उलगडा झाला. इंग्लंडातल्या गृहिणीला इंग्रजीतला एक छोटा शब्द कळला नाही आणि तिने तो परका समजून हात झटकले. पाचशेहून अधिक वर्षे झाली या गोष्टीला. त्या बाईंना कोणी अडाणी म्हटल्याचे कॅक्स्टन लिहीत नाही. भाषा किती पालटली आहे, याचेच त्याला नवल वाटले होते.

सोपे करण्याचा प्रयोग

लहान क्रियापदांची ही ताकद ओळखून १९३० साली सी. के. ऑग्डेन या इंग्रज विद्वानाने एक योजना मांडली. तिचे नाव ‘बेसिक इंग्लिश’. परदेशी माणसाला इंग्रजी शिकायला केवळ ८५० शब्द पुरेत असे त्याचे म्हणणे होते आणि त्या ८५० मध्ये क्रियापदे फक्त १८! त्यांत ‘गेट’ होता. ‘ऑब्टेन’ला काट, ‘बिकम’ला काट, ‘अराइव्ह’ला काट, सगळी कामे ‘गेट’, ‘गो’, ‘पुट’, ‘टेक’ अशा मंडळींनी वाटून घ्यायची. १९४३ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या भाषणात ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनी या योजनेची भरभरून तरफदारी केली. साऱ्या जगाला एक सोपी भाषा देण्याचे ते स्वप्न होते.

योजना फार पुढे गेली नाही. त्याला कारणे अनेक, पण मराठी वाचकाला चटकन पटेल असे एक आहे. शब्द ८५० असले तरी ‘गेट अप’ म्हणजे उठणे, ‘गेट ओव्हर’ म्हणजे आजारातून किंवा दुःखातून सावरणे, ‘गेट बाय’ म्हणजे कसेबसे भागवणे, ‘गेट अलाँग’ म्हणजे पटणे, ‘गेट अवे’ म्हणजे निसटणे, हे ‘गेट’वरून किंवा ‘ओव्हर’वरून कळायचे कसे? प्रत्येक जोडी हा नवा शब्दच झाला. मोजणीच्या वहीत तो दिसत नाही, एवढेच. ज्याची मातृभाषा इंग्रजी, त्याला ते सोपे. बाहेरच्याला ‘सरव्हाइव्ह’ हा लांबलचक शब्द पाठ करणे परवडते, ‘गेट बाय’ लक्षात ठेवणे नाही.

ढाक्यात शिक्षकांना शिकवण्याचे काम केलेल्या मायकेल वेस्ट यांनी हे ओळखले होते. १९५३ साली त्यांनी नित्योपयोगी दोन हजारांच्या आसपास शब्दांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा नुसते शब्द दिले नाहीत. कुठल्या शब्दाचा कोणता अर्थ किती प्रमाणात आढळतो, हेही दिले. शिकवायचा तो अर्थ, शब्द नव्हे. आपल्या शाळांत मात्र पाठ्यपुस्तकाच्या शेवटी शब्द आणि त्यापुढे बरोबरचे चिन्ह करून एक अर्थ, हीच पद्धत वर्षानुवर्षे चालली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आणि १९३५ मध्ये निघालेल्या रेन आणि मार्टिनच्या व्याकरणावर पिढ्या तयार झाल्या. व्याकरण पक्के झाले, यात शंका नाही. पण भाषांतर करायचे ते छापील वाक्याचे, आणि छापील वाक्यात ‘गेट’ कमीच भेटे. उलट निबंधात ‘गेट’ किंवा ‘गॉट’ आले, की मास्तर लाल शाईने खोडत आणि वर ‘रिसीव्ह्ड’ लिहीत. इंग्लंडातले मास्तरही हेच करीत असत, पण तिथली मुले शाळा सुटल्यावर दिवसभर ‘गॉट’ बोलत. आपल्याकडे शाळा सुटली, की इंग्रजीही सुटे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी सुरू झाली, तोवर मराठी शाळेतल्या मुलांची तिच्याशी पहिली भेट पाचवीत होत असे.

आपला ‘लागणे’

‘गेट’ अवघड वाटतो खरा, पण त्याच्याइतकाच बिलंदर शब्द मराठी माणूस जन्मापासून बिनबोभाट वापरत असतो. तो म्हणजे ‘लागणे’. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, पैसे लागतात, वेळ लागतो, नाद लागतो, ऊन लागते, कैरीत कोय लागते. मूल चालायला लागते. ताक घशाला लागते आणि बोलणे मनाला. फोन लागत नाही. हरवलेल्या वस्तूचा पत्ता लागतो. आणि शेवटी, आवडो न आवडो, जावे लागते. परदेशातून मराठी शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला यातले एकेक सांगत बसा. तो चौथ्या वाक्याला वही मिटेल. मोल्सवर्थसाहेबाने आपल्या मराठी-इंग्रजी कोशात या शब्दापुढे अर्थांची रांग लावली आहे. त्या कोशाची १८५७ ची आवृत्ती आजही अभ्यासक उघडतात.

आता हीच वाक्ये इंग्रजीत नेऊन पाहा. भूक लागली: गॉट हंग्री. मुलाला लागले: ही गॉट हर्ट. नोकरी लागली: गॉट अ जॉब. बोलायला लागले: गॉट टॉकिंग. फोन लागला: गॉट थ्रू. आणि सर्वांत नवल म्हणजे ‘जावे लागेल’: हॅव गॉट टु गो. सक्ती सांगण्यासाठी दोन्ही भाषांनी आपापला हाच हरकाम्या गडी पुढे केला. दोन भाषांनी एकमेकींना विचारून हे केलेले नाही. रोज हाताखाली असलेला शब्द माणूस नव्या कामालाही जुंपतो, इतकेच.

फरक आहे तो मुळाशी. ‘लागणे’ संस्कृतातल्या ‘लग्’पासून आला. त्याचा अर्थ चिकटणे, जोडले जाणे. ‘लग्न’ त्याच धातूचे. ‘गेट’ म्हणजे हाताने पकडणे. इंग्रजीत माणूस पुढे होऊन भूकही ‘पकडतो’ आणि तापही. वाक्याच्या सुरुवातीला ‘आय’ उभा असतो. मराठीत भूक चालत येते आणि माणसाला चिकटते. मला भूक लागली, मला ऊन लागले. ‘मी’ नाही, ‘मला’. हिंदीतल्या ‘लगना’चे आणि गुजरातीतल्या ‘लागवुं’चेही तसेच, त्यामुळे इंदूरच्या किंवा बडोद्याच्या मराठी घरातही हीच सवय पक्की होते. इंग्रजी बोलताना जीभ अडखळते ती बऱ्याचदा इथे. शब्द आठवत नाही असे आपल्याला वाटते, पण अडलेले असते ते वाक्याचे तोंड. ‘मला’ने सुरू झालेले वाक्य मनात तयार असते आणि इंग्रजी त्याला दारातच थांबवून ‘मी’ मागते. (यावरून इंग्रज कर्तबगार आणि आपण दैववादी असा सिद्धांत काढणारेही भेटतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नये. भूक दोघांनाही सारखीच लागते.)

दुसरी अडचण याच्या उलट आहे. केशकर्तनालयातून आलेला मराठी माणूस ‘केस कापले’ म्हणतो. कात्री न्हाव्याच्या हातात होती, हे घरच्यांना वेगळे सांगावे लागत नाही. तोच माणूस कचेरीत ‘आय कट माय हेअर’ म्हणतो, तेव्हा इंग्रजाला आरशापुढे स्वतःच कात्री चालवणारा गृहस्थ दिसतो. ‘दात काढला’चे ‘आय रिमूव्ह्ड माय टूथ’ झाले, तर ऐकणाऱ्याच्या अंगावर काटाच येईल. काम दुसऱ्याने केले आणि आपण करवले, तर इंग्रजी ‘गॉट’ किंवा ‘हॅड’ वापरते: गॉट माय हेअर कट. मराठीतही ही सोय आहेच, ‘ब्लाऊज शिवून घेतला’ असे आपण म्हणतोच. फक्त कापलेल्या केसांच्या बाबतीत आपण ती वापरीत नाही.

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नेहमीच नसते. ‘डिड यू गेट इट डन?’ हा प्रश्न मोठ्या शहरातल्या रुग्णालयात, मराठी न कळणाऱ्या डॉक्टरांकडून, उपाशीपोटी करायच्या रक्ततपासणीविषयी आला असेल आणि उत्तरादाखल घाईने ‘येस, येस’ गेले असेल, तर न झालेली तपासणी झाल्याची समजूत होते. ‘इज इट गेटिंग वर्स?’ म्हणजे दुखणे वाढते आहे का. यातला ‘गेटिंग’ निसटला आणि फक्त ‘वर्स’ ऐकू आला, तर ‘वाईट आहे का’ एवढाच प्रश्न उरतो. सोसण्याची सवय असलेली बाई ‘नो’ म्हणून मोकळी होते. दुखणे कालच्यापेक्षा वाढले आहे की कमी झाले, हे मात्र सांगायचे राहून जाते. गेली अनेक वर्षे माहेरच्या बाजूने किंवा मुलाच्या नोकरीमुळे बंगळूर, चेन्नई, कोलकात्याला जाऊन राहिलेल्या मराठी आयांना हा अनुभव नवा नाही. तिथली भाषा येत नाही, हिंदी चालेलच असे नाही, मग इंग्रजीवाचून गत्यंतर नसते.

‘इंग्लिश विंग्लिश’ या २०१२ सालच्या चित्रपटात दिग्दर्शिका गौरी शिंदे यांनी हे नेमके पकडले होते. श्रीदेवीने रंगवलेली पुण्याची शशी न्यूयॉर्कच्या एका कॉफीच्या दुकानात उभी असते. तिचा पाणउतारा होतो, तो तिला कोणी अवघड शब्द विचारला म्हणून नव्हे. काउंटरवरच्या बाईचे भराभर आलेले साधे प्रश्नच तिला गोंधळवून टाकतात. पुढे ती शिकते ते वर्गात, दुसऱ्या देशांतून आलेल्या, तितक्याच अडखळणाऱ्या लोकांबरोबर.

अशा वेळी शब्दकोश उघडून ‘गेट’चे सगळे अर्थ पाठ करायला बसणे हा सर्वांत निरुपयोगी उपाय. एकेका ठिकाणची पुरी वाक्येच उचलावीत. दवाखान्यासाठी चार: ‘गेट इट डन’ म्हणजे करून घ्या, ‘गेटिंग बेटर’ म्हणजे उतार पडतो आहे, ‘गेटिंग वर्स’ म्हणजे वाढते आहे, आणि ‘आय डिडन्ट गेट इट’ म्हणजे मला कळले नाही. हे चौथे सर्वांत आधी शिकावे. प्रवासासाठी आणखी दोन पुरतात. मोटारीत आणि टॅक्सीत ‘गेट इन’, बस, आगगाडी आणि विमानात ‘गेट ऑन’. ढोबळ खूण अशी की, वाकून शिरून बसावे लागते तिथे ‘इन’ आणि उभे राहून चालता येते तिथे ‘ऑन’. उतरताना अनुक्रमे ‘आऊट’ आणि ‘ऑफ’. आपण सर्रास ‘गेट डाऊन’ म्हणतो, कारण आपण उतरतो म्हणजे खाली येतो. भारतात ते सर्वांना कळते, त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. लंडनच्या बसमध्ये मात्र ‘ऑफ’ म्हणावे.

घरातले वाक्य आणखी निराळे. लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत गेलेल्या आयांना तिथे पहिल्याच आठवड्यात ते ऐकायला मिळते. दाराची घंटा वाजते, फोन खणखणतो आणि जावई उठता उठता म्हणतो, ‘आय विल गेट इट’. काय आणणार आहेत हे? काही आणणार नसतात. ‘मी बघतो’ एवढाच त्याचा अर्थ.

अशा आयांमध्ये आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बाईही असतात, आणि त्यांची पंचाईत जास्त. नातू ‘आय हॅव गॉटन’ म्हणाला, की त्यांचा हात लाल पेन शोधू लागतो. ‘गेट, गॉट, गॉट’ हे त्यांनी वर्गावर्गांतून घोकून घेतलेले असते, ‘गॉटन’ त्यांच्या लेखी शुद्ध चूक. वास्तविक ‘गॉटन’च जुना. सतराव्या शतकात इंग्लंडहून अमेरिकेला गेलेल्या लोकांनी तो बरोबर नेला आणि तिथे टिकवला. मागे राहिलेल्यांनी तो हळूहळू टाकून दिला. इंग्लंडात तो उरला ‘फरगॉटन’मध्ये आणि वाईट मार्गाने मिळवलेल्या पैशासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘इल-गॉटन’मध्ये. शिवाय अमेरिकन माणूस दोन्ही रूपांत फरक करतो. ‘आय हॅव गॉट’ म्हणजे माझ्याजवळ आहे, ‘आय हॅव गॉटन’ म्हणजे मला मिळाले किंवा मी झालो. नातवाला हा फरक कोणी शिकवलेला नसतो, पण तो त्यात कधी चुकत नाही. आजी हे शब्दकोशात पडताळून पाहतात, चष्मा काढून ठेवतात आणि त्या दिवसापासून नातवाला टोकत नाहीत. त्या स्वतः मात्र ‘गॉट’च म्हणतात.